उलट्या रेषांचा पाट

माळ्यावरून पाट काढला, तेव्हा वरून तो अगदी धडधाकट दिसत होता. ओल्या फडक्याने पुसायला घेतला आणि अंगठा आतच गेला. वाळवीने वरचा पापुद्रा तेवढा शिल्लक ठेवून आतलं सगळं फस्त केलं होतं. मी तो पाट हातात धरून तशीच उभी राहिले, आणि मनात पहिला विचार आला तो हा की आता ह्यांना सांगायचं कसं.

पाट म्हणजे गणपतीचा पाट. माझं सासर मालवणकडचं. त्या लोकांत गणपती दुकानातून उचलून आणत नाहीत. आषाढात आपला घरचा पाट मूर्तिकाराच्या शाळेत, म्हणजे त्याच्या कारखान्यात, नेऊन द्यायचा. तो त्या पाटावरच मूर्ती घडवणार. चतुर्थीला मूर्ती पाटासकट घरी आणायची. विसर्जनानंतर रिकामा पाट परत येतो, त्यावर चिमूटभर माती असते, त्याची आरती होते आणि मग तो वर्षभर माळ्यावर. मी घाटकोपरला वाढलेली, माझ्या माहेरी गणपती दुकानातून यायचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी सासरे काखेत पाट मारून निघाले तेव्हा मी हसले होते. शिंप्याकडे मापाचा ब्लाउज देतात तसं हे गणपतीचं माप देऊन येतात, असं मी जावेच्या कानात म्हटलं होतं. सासऱ्यांनी ऐकलं, पण बोलले काही नाहीत. परळच्या गिरणीत सुतारखात्यात सगळा जन्म गेलेला माणूस, बोलायचं काम त्यांनी बहुतेक करवतीवर सोपवलं होतं.

पाटाला वाळवी लागली त्याच वर्षी होळीच्या सुमारास ह्यांना अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले. हात मात्र आला नाही. हलायचा थोडासा, पण त्याला काही कळत नव्हतं. एकदा चहाचा पेला डाव्या पंज्याला टेकून राहिला, कातडी लाल झाली तरी ह्यांना पत्ता नाही. मी ओरडले तेव्हा ह्यांनी खाली बघितलं. त्या दिवसापासून तो हात ते मांडीवर टॉवेलखाली झाकून बसायचे, कुणा पाहुण्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. जीभही जड झाली होती. शब्द थोडे आणि तुटक यायचे, आणि गंमत म्हणजे यायचे ते मालवणीत. ड्रॉइंग ऑफिसात नोकरी करताना शुद्ध बोलायचा आटापिटा केलेला माणूस, आता 'माका नको' आणि 'रवांदे', म्हणजे राहू दे, एवढ्यावर दिवस काढत होता. ह्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीने रबराचा चेंडू दिला होता, दाबायला. तो दिवाणाखाली जाऊन बसला होता, आणि तो आपोआप गेला नव्हता हे मला माहीत होतं.

पाटाचं मी सांगितलं रविवारी, मुलगा आणि सून कांदिवलीहून आले तेव्हा. एकटीने सांगायची हिंमत नव्हती. मुलाने पाट उलटापालटा करून बघितला आणि म्हणाला, "बाबा, ऐका ना. यंदा गणपती आमच्याकडे बसवू. लिफ्ट आहे, जागा आहे. आईचीपण दगदग होणार नाही. पाट काय, आणू एखादा झकासपैकी."

पोर वाईट बोलत नव्हतं. माझ्या गुडघ्यांची अवस्था त्याला दिसत होती. खरं सांगायचं तर मला आतून हायसं वाटलं. दीड दिवसाचा गणपती म्हटला तरी पंधरा दिवसांची कामं असतात. पण ह्यांच्याकडे बघितलं आणि हायसं वाटणं तिथल्या तिथे विरलं. परळच्या चाळीतल्या खोलीतून गणपती भांडुपला आला तो ह्यांच्या हातांवर. सासरे गेल्यावर आणणारे हेच. आता तो कांदिवलीला जाणार म्हणजे ह्यांच्या लेखी हातच नाही तर घरही गेलं. एकदा गेलेला गणपती परत येत नसतो, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं.

ह्यांनी उजवा हात उचलून माळ्याकडे बोट दाखवलं.

"फणस," म्हणाले.

वादळात गावच्या घरामागचा फणस पडला होता. चुलत दिराने त्याची एक फळी टेम्पोत घालून पाठवली होती, नेमकी दोन फांद्या फुटतात त्या बेचक्याची. ह्यांना लाकूडकामाचा नाद होता, रिटायर झाल्यावर गॅलरीत ठोकाठोक चालायची, म्हणून. झटक्याआधी आलेली ती फळी तशीच पडून होती. मुलाने ती खाली काढली. "बाबा, हे कोण करणार?" त्याने विचारलं. ह्यांनी फळीवर उजवा तळवा ठेवला. मीच म्हणाले, "होईल रे काहीतरी. मूर्तिकार आषाढ संपेपर्यंत पाट घेतो. तोवर झाला तर गणपती इथे, नाही झाला तर तुझ्याकडे." असं बोलून मी मोकळी झाले. काय कबूल करतेय ह्याची मला सुतराम कल्पना नव्हती.

वखारीत नेऊन फळी मापात कापून घेतली, खाली दोन पट्ट्या मारून घेतल्या. वखारवाल्याने वरून मशीनही फिरवलं. फळी घरी आली तेव्हा कडेकडेला गुळगुळीत होती, आणि मध्ये, जिथं बेचकं होतं तिथं, मासा उलट्या सुरीने खवलावा तशी उखडलेली. पण काय सुंदर लाकूड होतं ते! पुरणाच्या पातेल्यात पळी फिरवल्यावर वळणं उठतात, तशी वळणं, आणि रंगही पुरणाचाच. वखारवाला म्हणाला होता, "काकी, पॉलिश पेपरचं मशीन मारून देतो, अर्ध्या तासात गुळगुळीत." मी हो म्हणणारच होते, पण आधी घरी येऊन ह्यांना विचारलं. ह्यांनी काठी आपटली. "नाय." पेपरने लाकडाचा चेहरा पुसला जातो, धारेने कापलं तर उजळतो, असं ह्यांचं म्हणणं. ते मला पुढे आठवडाभर तुकड्यातुकड्यांनी कळलं. आजही माझं मत आहे की मशीनने काही बिघडलं नसतं. पण मत माझं होतं आणि पाट त्यांचा.

सासऱ्यांचा रंधा दिवाणातल्या पेटीत होता. सकाळी मी भाजी निवडत असताना गॅलरीतून खरखर ऐकू आली. टेबलाला फळी शिकंज्याने आवळलेली, आणि हे एका हाताने रंधा ढकलतायत. रंधा हे एका हाताचं कामच नाही. उजवा ढकलतो, डावा पुढून दाबून धरतो आणि वाट दाखवतो. नुसता ढकलला की तो उड्या मारतो. मी पोचेपर्यंत त्याने एक उडी मारली होती आणि वळणाच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा खपला उडाला होता. ह्यांनी रंधा खाली ठेवला. खुर्चीत बसले, टॉवेल हातावर ओढला आणि म्हणाले, "झाला. जांवदे गणपती. कांदिवली."

मला ह्यांचा इतका राग आला, इतका राग आला की सांगता सोय नाही. राग त्यांचा नव्हता बहुतेक, पण काढायला समोर तेच होते. "एवढ्यात झालं?" मी म्हटलं. "आणि मी इथे काय मेले आहे का? हात हवाय ना एक? हा घ्या."

मग पेटी उपसताना मला सासऱ्यांचा मोठा रंधा सापडला, लांबलचक, पुढच्या तोंडाला आरपार भोक असलेला. त्या भोकात दोरी ओवतात, हे मला ह्यांनी खुणेने दाखवलं. एकाने मागून ढकलायचं, दुसऱ्याने समोर उभं राहून दोरी ओढायची. गिरणीत जड फळ्यांना असंच करायचे म्हणे, सुतार आणि त्याचा जोडीदार. मी परकराची नाडी ओवली. ह्यांनी नाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. तोंड एका बाजूलाच गेलं, पण हसले.

पातं बोथट होतं. धार लावणं एका हाताने जमेना. मी म्हटलं, द्या इकडे, आयुष्यभर विळीला धार मीच लावली आहे. दगडावर तेल टाकून पातं घासलं. ह्यांनी ते आपल्या अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितलं. घसरलं. परत घासायला लावलं. परत घसरलं. विळीची धार आणि रंध्याची धार ह्यांत जमीनअस्मानाचं अंतर असतं, हे मी चरफडत शिकले. शेवटी पातं नखावर चिकटून राहिलं, तेव्हा ह्यांनी नुसती मान हलवली. शाबासकी म्हणतात ती हीच असावी.

कामाला लागलो. ह्यांनी ढकलायचं, मी ओढायचं. पहिल्या अर्ध्यात काय सुरेख साल निघाली! कांद्याच्या सालीसारखी पातळ, वळत वळत जमिनीवर पडली, आणि फणसाचा तो गोडसर वास गॅलरीभर पसरला. मला वाटलं, एवढंच होय. तेवढ्यात मध्यावर रंधा अडखळला आणि परत करकर वाजलं.

"थांब!" हे ओरडले. मग माझा हात धरून लाकडावरून फिरवला. इकडून तिकडे गुळगुळीत. तसाच पुढे नेला तर बोटांना कुसळं लागली. मग उलट्या बाजूने फिरवला, तर तिथे गुळगुळीत आणि इकडे कुसळं. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, फक्त हे मांजर मध्येच उलटं वळून बसलेलं. बेचक्यातलं लाकूड दोन्ही फांद्यांना आपलं म्हणतं, त्यामुळे त्याच्या रेषा एका दिशेला निजत नाहीत. अर्ध्या ह्यांच्या बाजूला सुलट होत्या, अर्ध्या माझ्या. मग आम्ही युक्ती केली. मध्यापर्यंत यायचं, रंधा उचलायचा, फळी सोडवून फिरवायची, परत आवळायची आणि दुसऱ्या टोकाकडून मध्यापर्यंत यायचं. आणि पातं बाहेर काढायचं ते एवढंसं की दिसूही नये. माझा स्वभाव घाईचा. मी दोरीला हिसका दिला की ह्यांचं "वाईच, वाईच" सुरू. म्हणजे जरा सबुरीने. पस्तीसएक वर्षांच्या संसारात हे मला 'सबुरीने घे' सांगत होते आणि मी ऐकत नव्हते. आता ऐकलं नाही की लाकूड बोंब मारायचं, आणि त्याच्याशी भांडता येत नव्हतं.

व्यायामाची मुलगी आली तेव्हा आम्ही दोघं समोरासमोर, मधे परकराची नाडी, केसांत भुसा. ती दारातच थांबली. तिने ह्यांचा डावा पंजा टॉवेलखालून काढला आणि रंध्याच्या पुढच्या अंगावर ठेवला. "काका, काही करू नका. नुसता राहू दे इथे. काकी, तुम्ही वरून हात ठेवा." मग मी दोरी कमरेला बांधली आणि एक हात ह्यांच्या हातावर ठेवला. तो हात गार आणि जड होता. लाकडाइतकंही त्याला कळत नसेल असं मला वाटलं, आणि वाईट वाटलं. ओढता ओढता दोन-तीनदा माझे डोळे भरून आले. भुसा गेला, असं मी सांगितलं.

पाऊस धरला होता, हवा ओली, लाकूड एक दिवस चांगलं वागायचं आणि एक दिवस रुसायचं. रुसलं की आम्ही एकमेकांवर चिडायचो. एकदा मी दोरी टाकून आत निघून गेले आणि कुकर लावला. थोड्या वेळाने ह्यांची हाक आली, "येतंस मां?" त्यात इतकी अजिजी होती की मी ओला हात पदराला पुसत मुकाट परत गेले. सांगायची गोष्ट ही की भांडायला परत सुरुवात झाली ह्याचाच मला आनंद होता. होळीपासून घरात भांडण नव्हतं, आणि त्या शांततेने माझा जीव नकोसा झाला होता.

अगदी मधलं वळण मात्र कुठल्याच बाजूने ऐकेना. तिथे रेषा सरळ उभ्याच असाव्यात. तो पहिला खपला उडालेला खड्डाही तिथेच. रंधा तिथे बंद झाला आणि काच आली. जुन्या तसबिरीची काच फोडून तिचे तुकडे घेतले, धरायच्या कडेला चिंधी गुंडाळली. काचेची ताजी कड तिरपी धरून खरवडलं की लाकडाची पिठासारखी पूड निघते, आणि रेषा उलटी असो की सुलटी, ती उखडत नाही. हे जुन्या सुतारांचं काम, पण चिकाटीचं. कड बोथट झाली की नवा तुकडा. मी स्वयंपाक उरकून यायचे आणि खरवडायला बसायचे. हे उजव्या हाताने खरवडायचे, डावा पंजा फळीवर वजन म्हणून ठेवलेला. मुलाचा रोज फोन यायचा, "कुठवर आलं?" आणि मी म्हणायचे, "होतंय." एकदा तो म्हणाला, "आई, इकडे आम्ही मखर बुक करून ठेवू का? नंतर मिळत नाही." मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी ऐकलं होतं. काच थांबली नाही.

खड्डा पूर्ण गेला नाही. अजून खरवडलं असतं तर पाटाला मध्ये खळगा पडला असता आणि मूर्ती डुगडुगली असती. नखाएवढा व्रण राहिला. मी म्हटलं, पुट्टीने भरू. ह्यांनी मान हलवली. "रवांदे. तेचो आसा तो." मग जवसाचं तेल फडक्यावर घेऊन मी पहिला हात फिरवला, आणि त्या क्षणी ते सगळं लाकूड जागं झालं. वळणं आतून वर आली. हललं की चमक इकडची तिकडे जायची, गॅलरीतल्या ढगाळ उजेडातसुद्धा. माझ्या तोंडून निघालं, "अगंबाई!" ह्यांनी एका हाताने पाट उजेडाकडे तिरका केला.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो," मी म्हटलं, "ह्याच्यावर तर माती बसणार! वर गणपती. हे दिसणार कुणाला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत हा विचार ह्यांनाही आला नसावा, किंवा पहिल्यापासून ठाऊक असावा. चेहऱ्यावरून मला कळलं नाही. मी हसत सुटले, मग हेही हसले, आणि हसता हसता खुर्चीच्या हाताला धरावं लागलं.

आषाढ संपता संपता मुलाने पाट शाळेत नेऊन दिला. मूर्तिकाराने त्यावरून हात फिरवला म्हणे, आणि विचारलं, "कोणाचं काम?" मुलाने सांगितलं, आईबाबांचं. हे सांगताना पोराचा आवाज जरा वेगळा लागला. मखराचं पुढे त्याने काही काढलं नाही.

चतुर्थीला गणपती भांडुपला आला. पाट अर्थात दिसत नव्हता. कडेला चार बोटं दिसत होता, तिथेही दूर्वा आणि फुलं. येणारे जाणारे मूर्तीचे डोळे सुंदर म्हणून गेले. मला एकदोनदा वाटलं की कुणालातरी फुलं बाजूला करून दाखवावं. नाही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विसर्जनाला कृत्रिम तलावावर गेलो. हे रिक्षातून आले, काठी टेकत काठापर्यंत आले. मुलगा पाण्यात उतरला, मूर्ती पाटावरून अलगद सुटली आणि तो रिकामा पाट निथळत वर घेऊन आला. तलावाच्या काठाला वाळू कुठली, म्हणून मी शेजारच्या झाडाच्या बुंध्यातली चिमूटभर माती त्यावर ठेवली. परतताना रिक्षात मी आणि मुलगा दोन कडांना, हे मध्ये. पाट ह्यांच्या मांडीवर. उजव्या हातात काठी होती. ओल्या लाकडावर रस्त्यावरचे दिवे पडत होते आणि ती सगळी वळणं उठून दिसत होती, तेल लावलेल्या दिवसापेक्षाही जास्त. मुलगा वाकून बघत होता. "बाबा," तो म्हणाला, "काय भारी दिसतंय यार हे." आणि त्याने हळूच विचारलं, "मग पुढच्या वर्षी?"

 रिक्षा सिग्नलला थांबली होती. लाकूड पाणी प्यालं की त्याच्या दबलेल्या रेषा उठून बसतात, हे मला तोवर चांगलं ठाऊक झालं होतं. त्यामुळे हे जे म्हणाले त्यात मला नवल वाटलं नाही.

"खरबरीत लागता," हे म्हणाले. "पुढच्या वर्षाक परत घासूक व्हयो."

"कुठे खरबरीत?" मी सहज विचारलं.

"हय," ते म्हणाले, आणि मी खाली बघितलं. तो नखाएवढा व्रण होता तिथे त्यांचं बोट हळूहळू फिरत होतं. डाव्या हाताचं.